जुन्या २३०ई ची रेस खाली येत नाही, केई-जेट्रॉनिकची माहिती असलेले कोणी आहेत का?

नेकारकाठ
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८९ ची मर्सिडीज २३०ई आहे. डब्ल्यू१२४ मॉडेल, हाताचे गिअर, चार सिलिंडरचं २.३ लिटरचं एम१०२ इंजिन, आणि पेट्रोल फवारायला बॉशची केई-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा. मी श्टुटगार्टजवळ राहतो. गाडीला तीस वर्षं होऊन गेल्यामुळे तिला एच-नंबर मिळालाय, म्हणजे इथल्या कायद्याने ती ऐतिहासिक वाहन आहे. बॉडी सुरेख, गंज जवळजवळ नाही. इंजिनाला मात्र एक खोड लागली आहे.

सकाळी थंड असताना स्टार्ट केली की आयडल (म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजाराच्या आसपास असतं, थोडी थरथर असते. तापत गेली की रेस चढत जाते आणि १४०० वर जाऊन बसते. असायला हवी साडेसातशेच्या आसपास. आधी हे अधूनमधून व्हायचं, हल्ली कायमचं झालंय. पेट्रोलचा खर्चही वाढलाय. चालवताना पाय काढला तरी गाडी पुढे ओढत राहते, त्यामुळे गर्दीत सारखा ब्रेकवर पाय.

प्लग, एअर फिल्टर, डिस्ट्रिब्यूटर कॅप बदलून झालंय. थ्रॉटलच्या, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, तोंडाशी क्लीनर मारून काजळी पुसली. एका गॅरेजने स्कॅनर लावायला जागा शोधली, ती मिळाली नाही, मग "फ्युएल डिस्ट्रिब्यूटरच (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारा भाग) बदलून टाका" म्हणून अवाच्या सवा आकडा सांगितला. तो बदलायच्या आधी इथे विचारतोय. सुरुवात कुठून करू?

चौथा_गिअर
आधी पायाखालची मॅट बघा. चेष्टा नाही, खरंच बघा. माझ्या ओळखीत एका गाडीचा सेन्सर बदलून झाला होता आणि पेडल मॅटच्या कडेवर टेकलेलं निघालं. मग बॉनेट उघडून थ्रॉटलच्या दांड्या बघा. त्या जुन्या मर्सिडीजमध्ये केबलपेक्षा दांड्या आणि त्यांचे गोल सांधेच जास्त. सांधे सुकले की थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. हाताने मागे दाबून बघा, रेस उतरली तर तिथेच रोग.

परळचा_फिटर
माझे वडील प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्स्या दुरुस्त करायचे, मीही त्याच गॅरेजात वाढलो. सोलेक्स कार्बोरेटर, एक स्लोचा स्क्रू, एक हवेचा. कान लावायचा, अर्धा आटा फिरवायचा, गाडी शांत. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, तोपर्यंत हेच चाललं. तुमच्या गाडीला इंजेक्शन असलं तरी स्लोचा स्क्रू कुठेतरी असणारच. तो शोधा आणि साडेसातशेला आणा. चारशे-पाचशे युरो कशाला घालवता?

वैदेही_ऑग्सबुर्ग
फिटरदादा, तुमच्या हाताबद्दल आदर आहे, पण या गाडीत स्क्रूला हात लावू नका असं मी कळकळीने सांगेन. नेकारकाठ, तुम्हीही नका लावू. माझ्याकडे याच इंजिनाची १९०ई आहे आणि तिच्या इंजेक्शनवर मी बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केई-जेट्रॉनिकमध्ये आत येणारी हवा एका गोल तबकडीला उचलते. तबकडी दांड्याने फ्युएल डिस्ट्रिब्यूटरमधला छोटा पिस्टन वर ढकलते आणि त्या हिशेबात चारही इंजेक्टरना पेट्रोल जातं. इंजेक्टर उघड-मीट करत नाहीत, सलग फवारतात. ही सगळी यांत्रिक मांडणी १९७३ च्या के-जेट्रॉनिकपासूनची. 'ई' नंतर जोडला. डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला एक विजेवर चालणारा छोटा भाग आहे, त्याला ईएचए म्हणतात. कॉम्प्युटर त्यातून काही मिलिअँपिअर करंट कमी-जास्त करतो आणि मिश्रण घट्ट किंवा पातळ होतं.

आता आयडलचं. तिथे नेहमीचा स्लोचा स्क्रू नाही. थ्रॉटल पूर्ण मिटलेला असतो आणि त्याला वळसा घालून एका रबरी नळीतून हवा जाते. त्या नळीत दोन वायरींचा आयडल व्हॉल्व्ह आहे. कॉम्प्युटर तो उघडतो, मिटतो आणि रेस जागेवर ठेवतो. तबकडी आणि डिस्ट्रिब्यूटर यांच्यामध्ये ३ मिमीची अ‍ॅलन की जाईल असा जो स्क्रू दिसतो, तो मिश्रणाचा आहे. तो फिरवला की रेस तात्पुरती बदलते, लोकांना वाटतं जमलं, आणि मग उत्सर्जन तपासणीत गाडी नापास होते. वर मूळ दोष आहे तिथेच.

म्हणून प्रश्न एकच धरा: ही जास्तीची हवा कुठून येतेय? वाटा तीनच. थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, व्हॉल्व्ह उघडा राहिलाय, किंवा कुठेतरी चीर पडून इंजिन बाहेरची हवा ओढतंय. पार्ट विकत घेण्याआधी यातली वाट ठरवा.

इंजिन गरम करा. आयडल व्हॉल्व्हकडे जाणारी नळी पकडीने हळूच चिमटा. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळा, जुनं रबर असतं. रेस धाडकन खाली आली तर हवा व्हॉल्व्हमधून येतेय. फरक पडला नाही तर थ्रॉटल किंवा चीर. काय होतं ते सांगा, मग पुढचं.

न्यूजर्सीकर
वैदेहीताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. माझी व्होल्वो २४०, तिला बॉशचंच पण एलएच-जेट्रॉनिक. आमच्यात तबकडी नाही, गरम तारेने हवा मोजतात. तरी रेस चढण्याची कारणं भावंडंच म्हणायची. माझ्याकडे दोष थ्रॉटल स्विचचा निघाला. पाय काढला की तो 'टिक्' वाजायला हवा. वाजला नाही तर कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हरचा पाय अजून पेडलवरच आहे, मग तो आयडल सांभाळायला घेतच नाही. इंजिन बंद ठेवून, बॉनेट उघडं ठेवून हाताने थ्रॉटल हलवायचा आणि ऐकायचं. मर्सिडीजमध्येही असा स्विच आहे, तोही तपासा.

गंगापूर_रोड
सुंदर माहिती. गाडीशी आपला संबंध पेट्रोल भरण्यापुरता, तरी सगळं वाचलं.

नेकारकाठ
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी बसलो.

मॅट ठीक. दांड्यांचे सांधे जरा कोरडे होते, तेल घातलं, थ्रॉटल पूर्ण मिटतोय. मागे दाबून रेसमध्ये फरक नाही. स्विच टिक् वाजतो, मीटरवरही उघड-मीट दाखवतो.

नळी चिमटली आणि रेस १४०० वरून थेट हजाराच्या खाली! सोडली की परत वर. म्हणजे व्हॉल्व्ह खराब? नवीन मागवू का?

वैदेही_ऑग्सबुर्ग
थांबा, इतक्यात नको. हवा व्हॉल्व्हमधून येतेय एवढंच ठरलं. व्हॉल्व्ह अडकलाय की त्याला हुकूमच मिळत नाहीये, हे बाकी आहे. दोन गोष्टी करा.

चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि व्हॉल्व्हवर हात ठेवा. करंट येत असेल तर बारीक थरथर बोटांना जाणवते. मग इंजिन चालू असताना व्हॉल्व्हचा प्लग काढा. या व्हॉल्व्हची घडण अशी की वीज नसली की आतली स्प्रिंग त्याला बरंच उघडं ठेवते, गाडी बंद पडू नये म्हणून. त्यामुळे चांगल्या गाडीत प्लग काढला की रेस चढते. तुमच्याकडे काहीच बदल झाला नाही, तर व्हॉल्व्हला आधीपासूनच वीज नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो का?

परळचा_फिटर
एबीएसचा आणि रेसचा काय संबंध? ब्रेक कुठे, कार्बोरेटर कुठे.

नेकारकाठ
थरथर नाही. प्लग काढला, रेस जागची हलली नाही.

एबीएसचा दिवा पेटलेलाच असतो. चाकाचा सेन्सर गेलाय असं मागच्या मालकांनी सांगितलं होतं, त्यामुळे ते वेगळं प्रकरण समजून इथे आणलं नाही. आता आठवतंय, सुरुवातीला तोही अधूनमधूनच पेटायचा.

कोथरूड_ई२२०
ओव्हरव्होल्टेज रिले! ओव्हरव्होल्टेज रिले! वाचता वाचता ओरडलो, बायको बघायला आली काय झालं म्हणून.

फिटरदादा, संबंध आहे आणि तो थेट आहे. डब्ल्यू१२४ मध्ये बॅटरीच्या मागच्या कप्प्यात एक उंचसा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे. डोक्यावर पारदर्शक झाकणाखाली लाल फ्यूज, १० अँपिअरचा, काहींना दोन. व्होल्टेजचा झटका आला तर कॉम्प्युटर वाचवायला तो बसवलाय. या २३०ई मध्ये इंजेक्शनचा कॉम्प्युटर आणि एबीएसचा कॉम्प्युटर, दोघांचीही वीज त्याच्यातूनच जाते. तो मेला की एकाच वेळी एबीएसचा दिवा पेटतो आणि आयडल व्हॉल्व्ह अनाथ होतो. ईएचएलाही करंट नाही, म्हणून थंड असताना थरथर, कारण थंडीत मिश्रण घट्ट करणारं कोणी उरत नाही. इंजेक्शनचं मूळ काम यांत्रिक असल्यामुळे गाडी तरीही चालते. म्हणूनच लोक चुकीच्या जागी शोधत बसतात.

आधी फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर रिले.

आता माझं पुराण. १९९५ मध्ये मर्सिडीजने पुण्यात, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पिंपरीच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली, ती याच डब्ल्यू१२४ ने. ई२२० पेट्रोल आणि ई२५० डिझेल. माझी त्यातलीच ई२२०. तिच्यात केई नाही, पूर्ण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. रेस वाढण्याची तक्रार अगदी तुमच्यासारखी, कारण पूर्ण निराळं. १९९३ ते ९५ च्या आसपासच्या मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचं वेष्टण उष्णतेने कडक होऊन झडतं, हे जगभरच्या डब्ल्यू१२४ वाल्यांना ठाऊक आहे. माझ्या थ्रॉटलकडे जाणारी केबल मी जरा वाकवली आणि तपकिरी भुगा हातावर पडला. आत उघड्या तांब्याच्या तारा एकमेकींना टेकलेल्या. कॉम्प्युटर गोंधळतो, थ्रॉटलची मोटर सोडून देतो, आणि आतली स्प्रिंग थ्रॉटल किंचित उघडा धरते. एका वायरमनला शेजारी बसवून सिलिकॉनच्या वायरी ओढून घेतल्या. तेव्हापासून गाडी शांत.

म्हणून हा धागा वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: बाहेरून गाडी तीच दिसते, पण ८९ ची आणि ९५ ची औषधं वेगळी.

दख्खनची_राणी
थोडं अवांतर विचारते. जर्मनीत तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक होते, मग आपल्याकडे? माझ्या सासऱ्यांची १९८७ ची कार आहे, व्हिंटेज नंबर मिळेल का?

कोथरूड_ई२२०
नाही मिळणार. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झाली पाहिजेत आणि गाडी मूळ रूपात हवी. मग नंबरात 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्तीला नेणं एवढंच. तुमच्या सासऱ्यांच्या गाडीला रिपासिंग आणि पर्यावरण कर, हाच रस्ता.

चौथा_गिअर
यावरून मला खरंच वाईट वाटतं. तीस ते पन्नास या वीस वर्षांतच गाड्या भंगारात जातात. रबर कडक होतं, पार्ट मिळत नाहीत, आरटीओची फेरी नको म्हणून माणूस विकून टाकतो. पन्नाशी गाठेपर्यंत उरणार किती? आपल्याकडच्या पहिल्या इंजेक्शनच्या गाड्या तर बहुतेक नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या आणि २००० नंतरच्या. त्यांच्याकडे क्लासिक म्हणून आत्ता कोणी बघत नाही आणि नेमक्या आत्ताच त्या जपायला हव्यात.

सातारारोड
चौथा_गिअर, माझ्या मनातलं बोललात. माझी मारुती एस्टीम एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली आहे, वडिलांनी घेतलेली. लोक विचारतात अजून ठेवलीय का. तिचीही रेस हजार-अकराशेला राहते, म्हणून हा धागा वाचतोय. नेकारकाठ यांचं झालं की माझं घ्या.

नेकारकाठ
अपडेट. फ्यूज शाबूत होता. रिले काढला. इथे दुकानात 'यूबरश्पानुंग्सशुत्स-रेले' म्हणून मागितला की काउंटरवरचा माणूस लगेच मान डोलावतो, इतका हा ओळखीचा आजार आहे.

नवा बसवण्याआधी जुना उघडून बघितला. अ‍ॅल्युमिनियमचं आवरण खालून वाकवून काढलं. आत छोटी पट्टी. भिंगाखाली धरल्यावर एका पिनेभोवती डागाच्या शिसात केसाएवढी गोल भेग दिसली, पिनेच्या भोवती पूर्ण फिरलेली. बोटाने पिन हलवली की तेवढी भेग उघडत-मिटत होती. थंड असताना टेकत असणार, तापल्यावर सुटत असणार. म्हणूनच आधी अधूनमधून आणि मग कायमचं.

नवा रिले लावला. चावी फिरवली, एबीएसचा दिवा पेटून विझला! व्हॉल्व्हवर हात ठेवला तर थरथर. स्टार्ट केली आणि...

रेस १०५०. साडेसातशे नाही. आता प्लग काढला की १४०० ला जाते, म्हणजे व्हॉल्व्ह कामावर आहे. पण १०५० च्या खाली उतरत नाही. सकाळी पहिली एक-दोन मिनिटं थरथर अजून आहे, आधीपेक्षा कमी.

कोथरूड_ई२२०
अर्धी लढाई जिंकलात. जुना रिले फेकू नका, भेग पुन्हा डाग देऊन तो डिकीत ठेवा.

वैदेही_ऑग्सबुर्ग
छान! आता पुन्हा नळी चिमटून बघा. माझा अंदाज, आता फारसा फरक पडणार नाही. तसं झालं तर व्हॉल्व्ह मिटण्याची शिकस्त करतोय आणि हवा दुसरीकडून येतेय. व्हॉल्व्ह काढून साफही करा, आतली फिरती झडप तेलकट काजळीने जड झालेली असते. ब्रेक क्लीनर घालून हलवा, ओता, पुन्हा घाला, हलवल्यावर झडप सहज फिरेपर्यंत.

पदार्थवैज्ञानिक_नाही
मला एक शंका आहे आणि ती गंभीर आहे. केईमध्ये तबकडीने मोजलेल्या हवेच्या हिशेबातच पेट्रोल मिळतं ना? मग चिरेतून आलेली हवा तर मोजलीच जात नाही. तिच्या वाट्याचं पेट्रोल नाही. मिश्रण पातळ होऊन इंजिनाने कुरकुर करायला हवी, रेस वाढेल कशी? मला चिरेचा तर्क पटत नाही.

न्यूजर्सीकर
शंका रास्त आहे. माझ्या गाडीत चीर पडली तेव्हा इंजिन लटपटत होतं, रेस चढली नव्हती.

वैदेही_ऑग्सबुर्ग
शंका अगदी योग्य आहे आणि तिच्यातच उत्तर आहे. कॅटॅलिस्टच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) गाडीत एग्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर असतो. तो गरम झाला की कॉम्प्युटरला सांगतो, मिश्रण पातळ आहे. कॉम्प्युटर ईएचएचा करंट वाढवून पेट्रोल वाढवतो. हवा जास्त, तिच्या जोडीचं पेट्रोलही जास्त, म्हणजे रेस वर. पण सेन्सर थंड असतो तोपर्यंत ही दुरुस्ती होत नाही, तेव्हा फक्त पातळ मिश्रण आणि थरथर. नेकारकाठांनी नेमकं हेच लिहिलंय: सकाळी थरथर, तापल्यावर रेस. चीर लहान असेल तर असंच होतं. मोठी असेल तर लॅम्डाच्या हाताबाहेर जातं आणि तुम्ही म्हणता तशी लटपट होते, न्यूजर्सीकरांकडे झाली तशी.

तरी थंडपणाचा दुसरा संशयित सोडू नका: पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो चुकीचं सांगत असेल तर गरम इंजिनालाही कॉम्प्युटर थंड समजून रेस वर ठेवतो. प्लग काढून ओहम मोजा. २० अंशांना अडीच हजारांच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास हवेत.

पदार्थवैज्ञानिक_नाही
लॅम्डाचा मुद्दा पटला. धन्यवाद, हे कुठे इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं.

नेकारकाठ
व्हॉल्व्ह साफ केला. आतून काळं काकवीसारखं निघालं. झडप आता सहज फिरते. रेस १०००. नळी चिमटून फरक जेमतेम. सेन्सर गरम असताना ३१० ओहम, थंड असताना २४००. म्हणजे सेन्सर निर्दोष.

चीर शोधतो. यूट्यूबवर लोक इंजिनावर ब्रेक क्लीनर फवारतात आणि रेस बदलली की चीर सापडली म्हणतात. करू का?

परळचा_फिटर
अजिबात नको! कार्बोरेटरच्या काळात आम्हीही पेट्रोलचा बोळा फिरवायचो, आणि त्याच पायी एका ओळखीच्या फिटरचा हात भाजलेला मी पाहिलाय. गरम एग्झॉस्ट, स्पार्कच्या वायरी, वर ज्वलनशील फवारा. एक ठिणगी पुरते. इंजेक्शनचं मला कमी कळतं, पण आग सगळ्या गाड्यांना सारखीच लागते. धुराने शोधा. बारीक धूर आत सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथे चीर.

वैदेही_ऑग्सबुर्ग
फिटरदादांचं शंभर टक्के ऐका. धुराचं यंत्र हॉबी वर्कशॉपमध्ये मिळतं, जिथे लिफ्ट तासावर भाड्याने देतात. आणि पेट्रोलच्या नळ्यांचे नट उघडू नका, त्यात सुमारे साडेपाच बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो.

जाण्याआधी फुकटची एक चाचणी: इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. हवाबंद इंजिन असेल तर आयडल लगेच अडखळतं. काहीच झालं नाही तर आधीच कुठेतरी मोठी गळती आहे.

बघायच्या जागा: तबकडी आणि थ्रॉटल यांच्यातलं मोठं रबर, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी, इंजेक्टरच्या बुडाच्या रबरी रिंगा. या वयात रिंगा प्लास्टिकसारख्या टणक होतात.

दख्खनची_राणी
रबराचा विषय निघालाय तर, आपल्याकडे आता बहुतेक पंपांवर ई२० च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुन्या गाड्यांच्या नळ्यांचं काय?

कोथरूड_ई२२०
इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ पाडतं, शिवाय ओलावा धरतं. मी टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालेल अशा प्रतीच्या घेऊन बदलल्या, फिल्टर लवकर बदलतो आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवत नाही. केईवाल्यांनी जास्त सांभाळावं. त्यांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पातळ पडदा आणि अगदी बारीक फटी असतात, ओलाव्याने गंज धरला तर तो भाग खरोखरच बदलावा लागतो.

नेकारकाठ
सापडली!!

ऑइलचं झाकण उघडल्यावर रेस जराशीच डगमगली, तेव्हाच समजलो. शनिवारी वर्कशॉपमध्ये धूर सोडला. थोडा वेळ काहीच नाही. मग आयडल व्हॉल्व्हच्या खालून, इंजिनाच्या बाजूने, एक पांढरी बारीक रेघ वर आली. तिथे काटकोनात वळणारी रबरी नळी आहे. वरून बघितली तर धडधाकट, काळी, चकचकीत. काढून हातात वाकवली तर वळणाच्या पोटात अंगठ्याच्या नखाएवढी चीर उघडली, आतल्या कडेने तेलाने फुगून मऊ झालेली. सोडली की पुन्हा मिटते, कुठे होती ते दिसतही नाही. क्लॅम्पखालची कडही कापली गेली होती.

नवी नळी आणि दोन्ही क्लॅम्प मिळून एका पिझ्झ्याच्या किमतीत. बसवली. गरम झाल्यावर ७६०, काटा हलत नाही. सकाळची थरथर गेली. मिश्रणाच्या स्क्रूला कोणी हात लावलेला नाही, फ्युएल डिस्ट्रिब्यूटर मूळचाच आहे.

वैदेहीताई, कोथरूडकर, फिटरदादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ही गाडी मला खूप प्रिय आहे.

चौथा_गिअर
वा! अभिनंदन. धुराचे फोटो टाका.

परळचा_फिटर
मस्त. एबीएस आणि आयडल एका डब्यातून चालतात हे कळलं. बाकी नळ्याही त्याच वयाच्या आहेत, एक फाटली की दुसरी मागोमाग. ब्रेक बूस्टरची आताच बदलून घ्या, ती तर ब्रेकची आहे.

नेकारकाठ
मागवली आहे. मोठं रबर आणि इंजेक्टरच्या रिंगाही त्याच खेपेत.

सातारारोड
आता माझी एस्टीम! नळी चिमटण्याची चाचणी करायला गेलो, पण माझ्यात व्हॉल्व्ह थेट थ्रॉटल बॉडीवरच बसवलाय, चिमटायला नळीच नाही. मग काय करू?

वैदेही_ऑग्सबुर्ग
तर चिमटण्याऐवजी वाट बंद करा. एअर फिल्टरची नळी काढा. थ्रॉटलच्या तोंडाशी व्हॉल्व्हकडे हवा नेणारं छोटं भोक दिसेल. इंजिन गरम असताना ते बोटाने बंद करा. आत स्क्रू किंवा कापूस पडणार नाही याची काळजी घ्या. रेस पडली तर हवा व्हॉल्व्हमधून येतेय: तो काढून काजळी साफ करा, प्लगच्या पिना बघा. रेस पडली नाही तर थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट आणि ब्रेकची नळी. आणि आधी थ्रॉटल केबलला किंचित ढिलाई आहे ना, ते बघा. एसी बंद ठेवून मोजा, एसीला कॉम्प्युटर मुद्दाम रेस वाढवतो.

सातारारोड
केबल ताणलेलीच आहे! आत्ताच खाली जाऊन बघितली, पेडलला मोकळीक अजिबात नाही. मागच्या महिन्यात नवी टाकली होती. नटाने ढिली करून रेस किती येते ते उद्या गाडी तापवून सांगतो.